बोळातला मुका ट्रॅक्टर

तीर्थस्वरूप वन्संना धाकट्या भावजयीचा वाकून नमस्कार.

तुमचे गुडघे कसे आहेत? तेल रोज चोळून घेता ना, की बाटली कपाटात जपून ठेवली आहे? (मी जपण्याच्या विरुद्ध नाही हे तुम्ही जाणता, पण तेलाचा गुण बाटलीला येऊन उपयोग नाही.) इकडे आम्ही देवाच्या दयेने हातीपायी धड आहोत. एवढंच लिहून थांबले असते तर शाई वाचली असती, पण आज दुपारी बोळात जे झालं ते तुमच्या कानावर घातल्याशिवाय मला घास उतरायचा नाही. भाऊजींची लेक दवाखान्यात आहे, अजून निरोप नाही. जपाला बसले तर मणी कुठला हेच विसरते, म्हणून लिहायला घेतलं.

तर आपल्या दोन घरांपुढचा बोळ तुमच्या डोळ्यांपुढे असेलच. दोन्ही अंगांना दगडी भिंती, मधून एक गाडी जेमतेम निघते, आणि भाऊजींच्या दारातून मोठ्या रस्त्याला लागायला दुसरी वाट नाही. त्या बोळात गवत गुडघाभर माजलं होतं. पोरीचे दिवस भरत आलेले, कधीही गाडी काढावी लागेल, वाट साफ असावी, म्हणून मीच ह्यांच्या मागे लागले. (माणूस लावून कापून घ्यावं असा विचार माझ्या मनात आला होता, पण तो आला तसा मी त्याला परत पाठवला.) आपला ठेंगणा डिझेल ट्रॅक्टर ह्यांनी बाहेर काढला, मागे गवत कापायचं यंत्र जोडलं, आणि बोळाच्या बरोब्बर मध्यावर यंत्र खाली टेकवून घरघर काम चालू केलं. तेवढ्यात भाऊजी धावतच आले. पोरीला कळा सुटल्या होत्या. मागे त्यांची गाडी येऊन उभी राहिली, आत जाऊबाई आणि कण्हणारी पोर. थोरल्या भावाला पाहिल्याबरोबर हे ताडकन उठून उभे राहिले आणि त्याच क्षणी ट्रॅक्टर बंद पडला.

आता त्या लिंबाच्या फांदीपासून दोघा भावांचा अबोला आहे हे तुम्हाला सांगायला नको. फांदी आपली, सावली त्यांची, आणि लिंबं कोणाची यावर दोन शहाणे पुरुष बोलायचे थांबले. पण ह्यांच्या अबोल्याचीही एक रीत आहे. बोलायचं नाही, पण मान सोडायचा नाही. भाऊजी लांबून दिसले तरी हे खुर्चीतून उठतात. बोलणं सगळं माझ्यामार्फत. दोघांमध्ये हातभर अंतर, आणि मी भिंतीला चिकटून टपाल वाहतेय.

"त्याला सांग, काढ म्हणावं आधी हे धूड!"

"दादाला सांग, काढतोच आहे."

काढतात कशाचं! किल्ली फिरवली की आतून हूं नाही की चूं नाही. साधं टकसुद्धा वाजेना. भाऊजी म्हणाले, सांग त्याला, बॅटरी मेली. ह्यांनी दिवे लावून दाखवले, भर दुपारी लख्ख. हॉर्न दाबला तर भिंतीवरचे कावळे उडाले. (दादाला सांग, मेलेली बॅटरी बोंबलत नाही.) तरी बॅटरीच्या तारांची टोकं काढून मी भांड्यांच्या काथ्याने लखलखीत घासून दिली, ह्यांनी ती परत आवळली, फ्यूज काढून उन्हात धरून पाहिला. सगळं शाबूत. गवताचं यंत्र बंद करायचा दांडा ओढला, गिअर मोकळा केला, तरी मौन. ढकलावं तर यंत्राची पाती जमिनीत रुतलेली, आणि इंजिन चालल्याशिवाय ते वर उचललं जात नाही. भाऊजींनी हुकूम सोडला की स्टार्टरला पेचकस लावून ठिणगी पाड. ह्यांनी निक्षून नकार दिला, असं करताना ट्रॅक्टर माणसाच्या अंगावर येतो म्हणे. (हा नकार मी 'बघतो म्हणालेत' असा पोचवला.) दवाखान्याची गाडी मागवली तर ती दुसऱ्या रोग्याला आणायला गेलेली. आणि गाडीतून पोरीची अशी किंकाळी आली की माझ्या हातातला काथ्या गळून पडला. भाऊजी, आपले एवढे दांडगे भाऊजी, भिंतीला पाठ लावून खाली बसले.

मी देवाचा धावा केला. मग देवाला एकट्याला किती कामाला लावायचं, म्हणून माझी जमाखर्चाची रीत लावली. बेरीज चुकली की मी सगळं पान खोडत नाही, जिथवर जुळत होतं तिथवर मागे जाते आणि पुढे काय बदललं ते बघते. ट्रॅक्टर चालत होता तोवर जुळत होतं. मग भाऊजी आले आणि हे उठले. तेव्हापासून हे बसलेलेच नव्हते! किल्लीसुद्धा खाली उभं राहून, हात लांब करून फिरवत होते. आणि ट्रॅक्टर देताना दुकानदाराने सांगितलं होतं की सीटखाली एक बटण आहे, यंत्र चालू असताना माणूस उठला तर इंजिन बंद पडतं, कोणी पडून पात्यात सापडू नये म्हणून. सुरू करतानाही माणूस सीटवर हवा.

मी म्हटलं, "अहो, वर चढून बसा."

"दादासमोर?"

वन्सं, जसं काही मी ह्यांना भर बोळात सदरा काढायला सांगितलं! मग मी भाऊजींना विनवलं, तुम्हीच हुकूम द्या. "सांग त्याला, बस म्हणावं." हे चढले, क्लच दाबला, आणि सीटच्या कडेला टेकले. नव्या जावयाने टेकावं तसं, चतकोर. किल्ली फिरवली, परत मौन. पोर पुन्हा किंचाळली. तेव्हा भाऊजी उठले आणि भिंती हादरतील असे थेट ह्यांच्यावर ओरडले, "अरे गधड्या, सगळा बस! तुझ्या बापाचाच ट्रॅक्टर आहे!"

हे दचकून धपकन खाली बसले. ट्रॅक्टर पहिल्या फटक्याला सुरू झाला, यंत्र वर उचललं गेलं, आणि हे जे सुटले ते थेट मोठ्या रस्त्यावर जाऊन थांबले. भाऊजींची गाडी धूळ उडवत गेली. मी बोळातच हात जोडून उभी होते. हे ट्रॅक्टरवरून उतरले तेव्हा डोळे पुसत होते. मला म्हणाले, "ऐकलंस? दादा माझ्याशी बोलला."

दिवा लावून बसले आहे. फोन पुढ्यात आहे. तुम्हीही तिकडे हात जोडा.

तुमची,
धाकटी भावजय

ता. क. — निरोप आला, सगळे घरीही आले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, खऱ्या कळा नाहीत, अजून अवकाश आहे. पोर आत्ता माझ्याच स्वयंपाकघरात बसून दुसऱ्यांदा जेवतेय.

आणखी एक — पत्र खरं तर यासाठीच. तुम्ही निघून या, गुडघ्यांचं मी बघते. दोघं भाऊ तेव्हापासून भिंतीपाशी उभे आहेत. हे म्हणतात मी बसलो म्हणून सुरू झाला, भाऊजी म्हणतात मी ओरडलो म्हणून, आणि आता लिंबावर आलेत. माझ्यामार्फत बोलायचे तेव्हा निम्मं मी गाळत होते. आता एकमेकांचा शब्द न् शब्द ऐकू येतो. तुम्ही दोघांची थोरली बहीण, तुमच्यापुढे त्यांचं काही चालत नाही. पोरीच्या खऱ्या कळा सुरू व्हायच्या आत येऊन दोघांचा अबोला पुन्हा लावून द्या.