तुझी रेघ सरळ होती

ताई,

"काच कापणं हे बायकांचं काम नव्हे" हे ऐकून ज्यांचे कान किटले, त्या सगळ्या बायांच्या वतीने सांगते: आज आपल्या दुकानातली माणसाएवढी काच मी एका रेघेत कापली! बाबा समोरच उभे होते. म्हणाले, "हात शाबूत आहे, म्हणजे मिळवलं." मी म्हटलं, "बाबा, कापायची काच असते, हात नाही." गिऱ्हाईक हसलं आणि बाबाही हसले.

काच शेवटी कशी तुटेल, ते माझ्या हातात नाही. काचेवर रेघ ओढायची हिरकणी किती दाबायची आणि मध्ये कुठेही थांबायचं नाही, एवढंच माझ्या हातात आहे. मनात शंका आली म्हणून त्याच रेघेवरून पुन्हा हिरकणी फिरवली, की काच वाकडी फुटते.

हे मला ठाऊक आहे, कारण तुझी काच मी फोडली. तू रेघ ओढून पाणी प्यायला गेलीस. मला ती फिकी वाटली, म्हणून मी वरून आणखी एक ओढली. तू काच तोडायला घेतलीस आणि तिचे तुकडे झाले. बाबांनी चारचौघांत तुझ्या हातून हिरकणी काढून घेतली, आणि मी मूग गिळून बसले. नऊ वर्षं तू दुकानाची पायरी चढली नाहीस.

हे पत्र तीनदा लिहिलं, एकदाही टाकलं नाही. आज मात्र बाबांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "तिला बोलाव."

मला माफ करायचं की नाही, ते तुझं तू ठरव. पण सोमवारी दुकानात ये आणि पहिली काच तू काप.

उशिरा तोंड उघडलेली,
तुझी धाकटी