गाण्यातला गप्प ठेका

शनिवार, संध्याकाळ

‘जाखडीच्या रसिकांनो, आपल्या नाचात परक्या चाली घुसल्यात!’ उद्या जाखडीच्या कार्यक्रमाआधी करायच्या भाषणाचं पहिलं वाक्य हेच ठरलं होतं. मंडणगडच्या मंडळाने जुन्या रॉक अँड रोल गाण्याच्या चालीवर गवळण बांधली, म्हणून या चालचोरांना कार्यक्रमातून काढा, असं मी गरजणार होतो.

दुपारी शेजारचे दत्तूकाका आले. सगळी नोकरी बोटीवर झालेली, इंग्रजी गाणी तिथेच ऐकलेली. त्यांनी मोबाइलवर ते मूळ गाणं लावलं, मग तेच दुसऱ्यांनी गायलेलं, एकामागून एक. मूळ गायक मध्येच एक ठेका गप्प राहतो. बाकी प्रत्येकाने तिथे काहीतरी कोंबलंय. गिटार, ड्रम, नाहीतर किंकाळी.

‘आता तुझ्या चोरांचं ऐक,’ म्हणत काकांनी मंडणगडच्या गवळणीचा व्हिडिओ लावला. ती जागा रिकामीच! नाचणाऱ्यांचा पाय तिथे वर असतो, घुंगरू थांबतात.

‘काय रे वक्त्या, तुला जमंल काय असं गप्प ऱ्हायला?’

नाहीच जमलं कधी. पण मूळ गाण्याला जागले ते हेच ना? मग चोर कसे? तो गप्प ठेका अजून डोक्यातून जात नाही.

भाषण फाडलं. उद्या एवढंच मागायचं: रसिकांनो, पाय वर असताना टाळ्या वाजवू नका.