जागेवर आढळले नाहीत

ता. ४ जानेवारी

चि. धाकट्यास,

ताईचे अनेक आशीर्वाद, आणि तू मतदारयादीच्या खात्यात आहेस म्हणून सोबत एक कानपिचकी.

वहिनीची कंबर कशी आहे? तिला म्हणावं, नवीन मापं पाठव, मागची आता तिला होणार नाहीत.

बातमी अशी की, वाचनालयाच्या भिंतीवर नवी यादी लागली आणि आमच्या गल्लीतली एकशे बारा माणसं गल्लीत राहतच नाहीत, असं आम्हाला कळलं. समोरची सुईण, पलीकडचा पाववाला, कोपऱ्यावरचा म्हातारा इस्त्रीवाला, सगळ्यांच्या नावापुढे एकच शेरा: 'जागेवर आढळले नाहीत'. आढळतील कसे? तुमचा तपासनीस आला भर दुपारी, तेव्हा अख्खी गल्ली कामावर असते. इस्त्रीवाला दुकानातच होता, पण त्याला ऐकू येत नाही. तपासनिसाने बाहेरून हाक मारली, ओ आली नाही, लिहून मोकळा झाला. म्हातारा म्हणतो, सरकारला मी सापडत नाही, पण सरकारच्या पँटी बरोबर माझ्याकडे येतात.

मी मशीनवर बसलेली दिसले, म्हणून माझं नाव शाबूत. शिलाईच्या घाईत मागची तीन मतदानं बुडवणारी मी यादीत, आणि उजाडायच्या आत रांग लावणारी सुईण बाहेर! तुमच्या खात्याचा न्याय.

काय करायचं ते लगेच कळव. लोभ आहेच, वाढवायचा की नाही, ते तुझं उत्तर वाचून ठरवीन.

तुझी ताई


ता. ९ जानेवारी

ती. ताईस,

सा. न. वि. वि. पत्र पोचलं. मापांचं वाक्य वगळून हिला वाचून दाखवलं. कंबर बरी आहे, जीभ त्याहून बरी.

मी या खात्याचा नोकर आहे. कुणाला खासगी सल्ला देणं मला शोभत नाही, तेव्हा मी तो देणार नाही. वगळलेल्या प्रत्येकाने पंचवीस तारखेच्या आत राहत्या जागेच्या पुराव्यासह अर्ज करायचा असतो, हे मी तुला सांगणार नाही. अर्ज अकरा ते दोन या वेळात घेतात, म्हणजे तुमची गल्ली कामावर असते तेव्हाच. पन्नासाहून जास्त लोकांनी सह्यांनिशी मागणी केली, तर अर्ज घ्यायला वस्तीत माणूस पाठवावा लागतो, सुट्टीच्या दिवशीसुद्धा. हा नियम तुला कुणी सांगितला, असं विचारलं तर माझं नाव घेऊ नकोस. नियमपुस्तिकेचं एकेचाळिसावं पानही उघडू नकोस.

तब्येतीला जप. लोभ असू दे, आवाज जरा हळू असू दे.

तुझा, आणि खात्याचाही, आज्ञाधारक
धाकटा


ता. १९ जानेवारी

चि. धाकट्यास,

आशीर्वाद. न दिलेल्या सल्ल्याबद्दल गल्ली तुझी आभारी आहे. एकेचाळिसावं पान आम्ही उघडलं नाही. सुईणीचं ते पाठच झालंय.

चार दिवस आम्ही दोघी दारोदार फिरलो. पाववाला म्हणाला, आजवर मत देऊन कुणाच्या नळाला पाणी आलंय? दोनदा त्याने दार लावून घेतलं. तिसऱ्यांदा सुईणीने त्याला ऐकवलं की, तू उलटा येत होतास, तुला सरळ मीच केलंय, आता गुमान सही कर. केली. अशा त्र्याऐंशी सह्या झाल्या.

त्या घेऊन कचेरीत चार खेपा घातल्या. दर वेळी साहेब जागेवर नाहीत. चौथ्या खेपेला सुईणीने खिडकीतूनच विचारलं, मग त्यांचंही नाव कापलंत का? शिक्का लगेच मिळाला.

काल रविवारी माणूस आला. माझ्या बाहेरच्या खोलीत, अर्धवट शिवलेल्या शर्टांच्या ढिगाशेजारी बसून त्याने एकशे चार अर्ज घेतले. उरलेल्या आठांपैकी तिघं खरोखरच गाव सोडून गेलीत. पाचजणांना रविवारीही कामावरून सुट्टी मिळाली नाही, त्यांचं बघतोय. सगळ्यांची सुनावणी तीस तारखेला.

आणि एक गंमत. मी इथे राहत नाही, अशी कुणीतरी तक्रार केलीय. तशी नोटीस घेऊन शिपाई माझ्या राहत्या घरी आला आणि मी घेतली म्हणून माझी सही घेऊन गेला. सुनावणी तीसलाच, अकरा वाजता.

वहिनीला सांग, कापड निवडून ठेवलंय. माया पातळ होऊ देऊ नका.

तुझी ताई


ता. २४ जानेवारी

ती. ताईस,

सा. न. वि. वि. ही गंमत नाही. सुनावणीला गैरहजर राहिलं की नाव कापतात; तक्रार खरी की खोटी, हे कुणी बघत नाही. तू अकराला तुझ्या सुनावणीच्या खोलीत हजर राहा. बाकीच्यांचं बाकीचे बघतील. हे मी सांगणार नाही वगैरे काही नाही, स्पष्ट सांगतोय.

काळजीत असलेला,
धाकटा


ता. १ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,

आशीर्वाद. रागावू नकोस; रागावलास तरी आधी जेवून घे.

मी कचेरीत साडेदहालाच पोचले होते. माझ्या सुनावणीची खोली वरच्या मजल्यावर, गल्लीची तळमजल्यावर. मी जिना चढत होते आणि खाली म्हाताऱ्याला पुकारलं. अधिकाऱ्याने त्याला वडिलांचं नाव विचारलं. त्याने कपडे परवा मिळतील म्हणून सांगितलं. लोक हसले. म्हातारा सगळ्यांच्या तोंडाकडे बघत राहिला. ते मला बघवेना. सुईण दुसऱ्या टेबलाशी अडकली होती. मी खाली उतरले आणि त्याच्या कानाशी ओरडून एकेक प्रश्न पोचवला. पुरे व्हायला पाऊण तास लागला. तेवढ्यात वर माझं नाव तीनदा पुकारून झालं होतं.

म्हाताऱ्याचं नाव परत आलं. एकूण एकशे एक नावं आली. माझ्या नावापुढे काय शेरा आहे, ते तुला तोंडपाठ असेलच.

तू सांगितलेलं एक मी मोडलं, तेवढं पोटात घाल.

ताई


ता. १० फेब्रुवारी

ती. ताईस,

सा. न. वि. वि. तू सही करून पाठवलेलं अपील घेऊन मी रजा काढली आणि आमच्याच खिडकीशी रांगेत उभा राहिलो. माझ्या हाताखालच्या पोराने मान वर न करता, आणखी एक प्रत आणा, उद्या या, असं सांगितलं. ते वाक्य त्याला मीच शिकवलंय.

अपील मंजूर होईल, पण मतदानानंतर. ताई, एकवीस वर्षं हा शेरा मी सुवाच्य अक्षरात उतरवतोय. तुझ्या नावापुढे लिहिताना पहिल्यांदा हात थांबला. याची मला लाज वाटते.

हिचा नमस्कार. मापं सोबत पाठवली आहेत. ती वाच आणि विसर.

तुझा
धाकटा


ता. २६ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,

पोटभर आशीर्वाद. लाज वाटली ते बरं झालं, पण तिला उराशी धरून बसू नकोस, कामाला लाव.

आज मतदान झालं. बाया कामाआधी मत देऊन याव्यात म्हणून सकाळपासून सहा लेकरं माझ्याकडे होती. एकाने बटणांचा डबा पालथा केला. पाववाल्याने छाती काढून सांगितलं की, ज्याला मी दारातही उभं करणार नाही त्यालाच त्याने मत दिलं. त्याची सही मिळवायला मी तीनदा त्याचं दार वाजवलं होतं!

संध्याकाळी इस्त्रीवाला आला आणि उंबऱ्यावर बसला. म्हणाला, माझ्यापायी तुझं मत गेलं, तेव्हा माझं तू घे. कुणाला द्यायचं ते सांग, देऊन येतो. धाकट्या, खोटं कशाला बोलू, नाव अगदी ओठांवर आलं होतं. पण त्याला ओरडून सांगितलं की ते तुमचं आहे, तुम्हीच ठरवा, मत गुप्त असतं. अख्ख्या गल्लीने ऐकलं. तो तासभर फुगून बसला, मतदान बंद व्हायला दहा मिनिटं असताना उठला आणि धापा टाकत गेला.

परत येताना चेहरा उजळला होता. मला राहवलं नाही, विचारलं, कुणाला दिलंत? त्याने बोट ओठांवर ठेवलं आणि गल्लीभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला की, ते गुप्त असतं, विचारू नये.

वहिनीचा ब्लाउज उद्या बेततेय. दोघांचाही जीव माझ्यावर असाच राहू दे.

तुझी ताई