वागाडुगू कुणी विचारलंच नाही

४ जानेवारी, रविवार

सोसायटीची मीटिंग. विषय तीन: गच्चीची गळती, सव्वीस जानेवारीची सत्यनारायणाची पूजा, आणि मी.

तिसऱ्या मजल्यावरच्या प्रितेशची तक्रार. म्हणे जीवनकाका रोज सकाळी ग्रुपवर ज्ञानकण टाकतात, त्यात पाण्याच्या टँकरचा मेसेज वाहून गेला आणि त्याला विकतच्या बाटल्यांनी अंघोळ करावी लागली. ज्याला ज्ञानाची तहान नाही त्याने पाण्यासाठी रडावं हे स्वाभाविक आहे. (हे तिथे सुचलं नाही. आत्ता सुचलं.)

ज्ञानकण बंद करा, असा ठराव होणार होता. तेवढ्यात सेक्रेटरी वसुंधराताईंनी जाहीर केलं की पूजेच्या संध्याकाळी जोड्यांची सामान्यज्ञान स्पर्धा आहे. मी उभा राहिलो. जिंकलो तर ज्ञानकण चालू, हरलो तर कायमचे बंद, असा भरसभेत शब्द दिला. टाळ्या पडल्या. आदरापोटी असाव्यात.

तळोज्याच्या कंपनीत स्टोअर्स सांभाळून रिटायर झालो, त्यानंतर आयुष्यात रोजचं म्हणावं असं हे एकच काम उरलंय. ते सुटलं तर सकाळी उठायचं कशाला?

७ जानेवारी, बुधवार

संकल्प केल्याप्रमाणे पहाटे उठलो. ज्ञानकण फॉरवर्ड केले. एवढ्या श्रमानंतर पुन्हा झोप लागली, त्याला इलाज नाही.

आमची सौ. दमयंती पतपेढीत कामाला निघताना म्हणाली, आजचा मुंग्यांचा छान होता. कसल्या मुंग्या ते कळलं नाही. जुन्या मित्रांच्या ग्रुपवरून येतं, मी पुढे ढकलतो. प्रत्येक वाचत बसलो तर पाठवायचं कधी? पोस्टमन काय लोकांची पत्रं वाचतो?

एसटी स्टँडजवळून जाडजूड गाइड आणलं. सगळ्या जगाच्या राजधान्या, नकाशांसह. उद्यापासून सुरुवात.

११ जानेवारी, रविवार

आजपासून सुरुवात.

वसुंधराताईंनी ग्रुपवर स्पर्धेचे नियम टाकले. हा लांब मेसेज. ‘रीड मोअर’ दिसलं की मी एक थम्ब टाकून पुढे जातो. दमयंतीने विचारलं, अहो, नियम नीट वाचलेत का? हो म्हटलं. ज्यांना उत्तरं येत नाहीत त्यांनी नियम वाचावेत.

गाइडमध्ये बुर्किना फासोपर्यंत पोचलो. राजधानी वागाडुगू. काय भारदस्त नाव! हे विचारणारच. अंघोळ करताना मोठ्याने पाठ केलं. शेजाऱ्यांनी भिंत ठोकली. जळतात.

१४ जानेवारी, संक्रांत

जोडीदार पक्का: पाचव्या मजल्यावरचा स्वानंद. एमपीएससीचा तिसरा अटेम्प्ट चालू आहे. म्हणजे इतरांच्या तिप्पट अभ्यास.

दमयंतीने तिळगूळ देताना विचारलं, आपलं नाव दिलंत का स्पर्धेत? म्हटलं, दिलं की, माझं आणि स्वानंदचं. ती काही बोलली नाही. लोक गोड बोला म्हणतात. त्यापेक्षा हे बरं.

संध्याकाळी कळलं की तिने तळमजल्यावरच्या सोनाबाईंबरोबर नाव दिलंय. सोनाबाई मूळच्या उरणकडच्या, मिठागरवाल्या घरातल्या. आवाज असा की लिफ्ट बोलवायला बटण लागत नाही. असो. बायकांनी भाग घ्यावा, हौस म्हणून.

१८ जानेवारी, रविवार

कीर्ती पसरतेय! माझ्या मागच्या वर्षीच्या ज्ञानकणांवर अचानक लाइक येताहेत. प्रितेशनेसुद्धा ऑक्टोपसवर हार्ट टाकलं. टरकलाय.

लिफ्टमध्ये सोनाबाईंनी गाठलं. म्हणाल्या, भाऊ, त्या जिराफाचे मानेत सातच मनके हाय ना? म्हटलं, बाई, एवढी लांब मान सातावर कशी उभी राहील? तर म्हणतात, तुमीच तं पाठवलंत! बिचाऱ्यांचा कुठल्या तरी दुसऱ्या ग्रुपशी गोंधळ होतोय. समजूतदारपणे हसलो.

२२ जानेवारी, गुरुवार

कर्नाळ्याला फील्ड स्टडी. पक्ष्यांवर प्रश्न येऊ शकतो. स्वानंदच्या बाइकवर गेलो. तो वाटभर एकच विचारत होता, काका, निगेटिव्ह मार्किंग आहे का? म्हटलं, आपण पॉझिटिव्ह राहायचं.

पक्षी दिसला एक. कावळा. भजी खाताना गाइड बाकावर ठेवलं, ते माकडाने उचललं आणि झाडावर बसून अत्यंत एकाग्रतेने फाडलं. खाली पुठ्ठा आला. उरलेलं जग गेलं. हरकत नाही. वागाडुगू डोक्यात आहे.

२५ जानेवारी, रविवार

विजयानंतरच्या भाषणाची तालीम. सुरुवात: ‘मी स्वतःला ज्ञानी समजत नाही.’ इथे टाळ्यांसाठी थांबायचं.

दमयंती आणि सोनाबाई गॅलरीत मोबाइल घेऊन बसल्या होत्या. फिदीफिदी हसणं चालू. याला अभ्यास म्हणतात! दमयंती आत येऊन म्हणाली, तो नियमांचा मेसेज एकदा वाचा हो, अजून वेळ गेलेली नाही. म्हटलं, परीक्षेच्या आदल्या दिवशी नवीन काही वाचू नये.

२६ जानेवारी, सोमवार

थोडक्यात लिहितो.

झेंडावंदन झालं. पूजा झाली. शिरा चांगला होता.

संध्याकाळी स्पर्धा. वसुंधराताई माइकवर म्हणाल्या, नियमांत लिहिल्याप्रमाणे सगळे प्रश्न जीवनरावांच्या ज्ञानकणांमधलेच आहेत. बंद व्हायचे असतील तर त्याआधी निदान एकदा उपयोगी पडू देत. सगळ्यांनी माझ्याकडे बघून टाळ्या वाजवल्या. मी उठून नमस्कार केला. बसताना खुर्ची जरा हुकली. उपवासाने असेल. (उपवास नव्हता.)

पहिला प्रश्न आम्हालाच: ऑक्टोपसला हृदयं किती? स्वानंद म्हणाला, ऑप्शन्स? ताई म्हणाल्या, ऑप्शन्स नाहीत. मग निगेटिव्ह मार्किंग? ते आहे. स्वानंद मला म्हणाला, काका, सोडून देऊ. पण कॅप्टन मी. ठणकावून सांगितलं, एक. माणसाला एक पुरतं, तो तर पाण्यातला. तीन निघाली.

जिराफाच्या मानेतले मणके: मी सत्तर म्हटलं. सोनाबाईंनी कपाळाला हात लावला. महाराष्ट्राचा राज्यपक्षी: स्वानंद कानाशी हरियाल, हरियाल म्हणत होता. पोरगं घाबरलंय असं समजून मी मोर सांगितला. उत्तर हरियाल होतं. मुंग्यांचाही प्रश्न आला. त्याबद्दल लिहीत नाही.

आम्ही शून्याच्याही खाली गेलो. स्वानंदने या स्पर्धेचा अटेम्प्ट धरू नका अशी विनंती केली. सोनाबाई माझ्याकडे वळून काळजीने म्हणाल्या, भाऊ, तुमी रोज एवढं पाठवता, तुमी सोता वाचत नाय काय? एरवीही त्यांना माइक लागत नाही. आज तो हातात होता.

दमयंती-सोनाबाई जिंकल्या. एकही उत्तर चुकलं नाही. वसुंधराताईंनी दमयंतीला विचारलं, नोकरी सांभाळून एवढं लक्षात कसं राहिलं? ती म्हणाली, हे सकाळी घरात कुणाशी बोलत नाहीत, फोनमध्येच असतात. म्हटलं, फोनवर तरी काय बोलतात ते बघावं. म्हणून पहिल्या दिवसापासून रोज वाचते.

लोक हसले. मीही हसलो, जरा उशिरा.

वाईट वाटलं. हरल्याचं नाही, ते उद्या वाटेल.

आणि वागाडुगू शेवटपर्यंत कुणी विचारलं नाही. शिऱ्याच्या रांगेत मी आपणहून सांगितलं. प्रितेशला वाटलं, मी आणखी शिरा मागतोय.

२७ जानेवारी, मंगळवार, सकाळ

दिलेला शब्द म्हणजे शब्द. ग्रुपवर काही टाकलं नाही. बोट दोनदा गेलं, मागे घेतलं. ग्रुपवर टँकरचा मेसेज एकटाच, स्वच्छ दिसत होता. किती ओकाबोका ग्रुप!

वेळ जाईना म्हणून माझे जुने ज्ञानकण वाचायला घेतले. पहिल्यांदाच. बरे आहेत की! प्रत्येकाखाली एक थम्ब, दमयंतीचा. जिथे दुसऱ्या कुणाचाच नाही तिथेही तिचा आहे. हे मी कधी पाहिलंच नव्हतं.

शब्द ग्रुपपुरता होता. मधाचा एक आलेला होता, तो फक्त दमयंतीला पाठवला: ‘मध वर्षानुवर्षं खराब होत नाही.’ स्वयंपाकघरात तिचा फोन वाजला. तिथूनच ती म्हणाली, हा दिवाळीत येऊन गेला, आणि मध संपलाय, आणा.

म्हणजे आता नवीन शोधणं आलं. आणि आधी वाचणं.

मग एक स्वतः टाइप केला. फॉरवर्ड नाही. ‘वागाडुगू ही बुर्किना फासोची राजधानी आहे.’ मग ती पोळीचं पीठ लागलेल्या हाताने फोन धरून दारात आली आणि म्हणाली, अहो, हे कुठे आलं?

विचारलं! अखेर कुणीतरी विचारलं. मी ताठ बसून म्हटलं, आफ्रिकेत.

ती समोरच्या खुर्चीत बसली. म्हणाली, आफ्रिकेत कुठे? वर, खाली, समुद्राकाठी?

नकाशा त्या माकडाकडे आहे.