पंधरवड्यातली एक रात्र

प्रिय ढापण्या,

नाही, आधी तू ऐक. तिने सहज विचारलं म्हणून वाचून दाखवलं, हे मला सांगू नकोस. सहज माणूस किती वाजले विचारतो, 'फोर्टनाइटली'ची व्युत्पत्ती नाही विचारत.

आपल्या शब्दकोशाच्या ऑफिसात रीतच आहे. शब्दाचं मूळ पक्कं करण्याआधी ते एका माणसाला मोठ्याने वाचून दाखवायचं आणि त्याने हरकती काढायच्या. माणूस ज्याचा त्याने निवडायचा. तीन वर्षं तू खुर्ची माझ्याकडे वळवलीस. मी नाक मुरडायचे, तू मला भांडकुदळ म्हणायचास आणि मुकाट्याने पुन्हा लिहायचास. सरांनी एकदा विचारलं होतं, तुमचं लग्न झालंय का रे? तुला ठसका लागला. मी मात्र आठवडाभर दोन घास जास्त जेवले.

मग कोशाची चित्रं काढायला ही बाई आली. लोंबते डूल, आणि हसली की शेजारचं टेबल हलतं. काल मी पार्टिशनच्या अलीकडेच होते. तू तिला सांगत होतास की इंग्रज लोक पूर्वी दिवसांऐवजी रात्री मोजायचे. 'फोर्टीन नाइट्स', म्हणजे चौदा रात्री, हे बोलून बोलून झिजलं, त्याचा एकच शब्द उरला, आणि 'ली'ची शेपटी त्याला मागाहून लागली. आपला पंधरवडा मात्र पंधराचा. मग आवाज खाली आणून म्हणालास, "मधली एक रात्र कुणी ठेवून घेतली असेल?"

ती म्हणाली, "वा!"

वा? व्युत्पत्तीला वा म्हणतात होय? कुणी काही ठेवून घेतलेलं नाही, मोजायची पद्धत वेगळी, असं मी तोंडावर सांगितलं असतं. तू चिडला असतास. घरी आई विचारत होती, पोळीवर कसला राग काढतेयस. काय सांगू तिला?

आज संध्याकाळी सरांनी तोच कागद माझ्यापुढे ठेवला. म्हणाले, यावर तुझी हरकत राहिलेली दिसतेय. त्या ठेवून घेतलेल्या रात्रीच्या वाक्यावर काट मारायला मी पेन उघडलं आणि हात चालेना. इतकं सुंदर तू कधी लिहिलं नव्हतंस, रे. माझ्यासमोर तर नाहीच. म्हणून हे पत्र. सोमवारपासून मी वरच्या मजल्यावर, प्रुफं तपासायला. मीच मागून घेतलंय. तुम्हा दोघांचा चहा संपला वाटतं, जिन्यात हसणं ऐकू येतंय. मी मागच्या दाराने जाते.

तुझीच, आत्तापर्यंत तरी,
भांडकुदळ