मळ्यापाशी मोटार

खजुरी, सोमवार, वैशाख १९५३

गावात सरकारी मोटार थांबायला लागली अन् जागेला भाव आला. घरमालक अण्णानं लगेच माझं शिलाईचं दुकान उठवून तिथं जावयाचं हॉटेल घातलं. पण तापलेल्या इंजिनासाठी ड्रायव्हर बादली घेऊन पाणी मागायला गेला, तर अण्णा त्याला म्हणाला, "जात कोणती?"

मी माझ्या मळ्यातल्या आडाचं पाणी शेंदून ती बादली भरून दिली. तवापासून मोटार मळ्यापाशीच थांबायलीय. लिंबाखाली माझं मशीन चालू हाय, जावई माशा मारायलाय.

आज अण्णा उन्हात तंगडतोड करत मोटार धरायला आला. "घसा वाळलाय, पाणी दे की रे," म्हणाला. बादली भरलेलीच होती. मी विचारलं, "अण्णा, जात कोणती?"

जास्त झालं का? होऊ दे. मोटार उद्याबी तिथंच थांबणार हाय.