खिंडीखालचा माणूस

गुरुवार, १० जानेवारी

ठरलं! उद्या पहाटे निघायचं. एका दरीने वर, ओसाड गावात मुक्काम, परवा पलीकडच्या दरीने खाली. लग्न झाल्यापासून हिलाल नुसता ‘नेतो, नेतो’ म्हणतोय. सासूबाई म्हणाल्या, "घरातल्या गाद्यांना काटे आलेत का, की दगडांवर झोपायला चाललात?" पण खजूर नि रोट्या बांधून दिल्याच.

डोंगरावर ढग बसलाय. पाऊस आला तर दरीत थांबायचं नाही, एवढं कबूल करून घेतलं.

शुक्रवार, ११ जानेवारी

खिंडीखाली बसून लिहितेय.

सकाळपासून वाटेवर चिटपाखरू नाही. एरवी एखादा शेळीवाला तरी भेटतो. नुसता आमच्याच बुटांचा आवाज. ढग खाली खाली येत होता. परत फिरावंसं वाटलं, बोलले नाही.

दुपारी खिंडीखाली पोचलो. कड्याच्या आडोशाला बोचकं पडलेलं दिसलं. ते हललं! माणूस! पंचविशीचा असेल. उजवा पाय गुडघ्याखाली भलत्याच दिशेला वळलेला. ओठ फुटलेले. नाव मुहन्ना. काल दुपारी घसरला म्हणे.

"एकटाच आलास?" हिलालने विचारलं.

"नाही. थोरला भाऊ होता. हारिब."

"मग कुठाय तो?"

"गेला. ‘मर इथंच’ म्हणाला, नि गेला."

घोट घोट पाणी पाजलं. मग तुकड्यातुकड्याने बोलला. आई गेली तेव्हा हा परदेशात शिकत होता. मातीला आला नाही. तेव्हापासून दोघांत अबोला. समेट करावा म्हणून डोंगरात आले, नि इथं पुन्हा जुंपली. भांडता भांडताच याचा पाय निसटला.

हिलाल म्हणतो, माणसं आणायला गेला असेल. मग अजून आला का नाही? कडा ओलांडून उतरलं की त्यांच्या मावशीचं गाव आहे. एवढा वेळ लागत नाही!

फोन लागत नाही. काठ्या लावून पाय बांधला. तो ओरडला नाही, हेच भयंकर वाटलं.

शुक्रवार, अंधार पडताना

आला नाही. हिलाल हाका मारतोय — त्याच्याच हाका परत येतात.

शनिवार, १२ जानेवारी

दवाखान्याच्या बाकावर बसून लिहितेय. अंगात त्राण नाही.

सकाळी पाहिलं तर मुहन्नाच्या पायाची बोटं काळीनिळी. अंग तव्यासारखं तापलेलं. हिलाल म्हणाला, "मी धावत जातो, तू थांब याच्याजवळ." मी साफ नाही म्हटलं. एक गेला तो आलाच नाही, आता दुसरा पाठवू? सामान तिथंच टाकलं. हिलालने त्याला पाठीवर घेतलं, चादरीने करकचून बांधलं. मी पुढे, पाय टेकायला जागा दाखवत.

"ताई, नवऱ्याला सांगा, दोन दिवस उपाशी आहे म्हणून हलका आहे मी. एरवी गाढव लागलं असतं."

"गाढवच आहे ते," मी म्हटलं. हिलालसुद्धा हसला. तेवढंच हसणं.

मागच्या कड्यावर गिधाडं घिरट्या घालत होती. हिलालने माझ्याकडे पाहिलं. "शेळी मेली असेल," म्हणाला. फार पटकन म्हणाला.

पाऊस सुरू झाला. दरीत थांबायची सोय नाही, पळायचीही नाही. मला रडू फुटलं, रागही आला. तोंडून निघून गेलं — "असला भाऊ वैऱ्याला नको!"

मुहन्ना पाठीवरूनच म्हणाला, "माझा आहे तो. शिव्या मी देईन. तुम्ही नका देऊ."

रस्त्याला लागलो तेव्हा दरीत पाणी वाजायला लागलं होतं. एका पिकअपवाल्याने काही न विचारता घेतलं.

रविवार, १३ जानेवारी

पाय वाचेल म्हणतात. हारिबचा फोन बंद. मुहन्ना त्याचं नावही काढत नाही.

सोमवार, १४ जानेवारी

मावशी आली. मुहन्नाच्या खोलीत गेली नाही, बाहेर आमच्याजवळच भिंतीला टेकून बसली. म्हणाली, हारिब गुरुवारी रात्रीच आला होता तिच्या दारात. गुडघे सोललेले. गावातले गडी म्हणाले, दोर घेतो, उजाडू दे. कॉफीचा पेला पुढे केला, तोही घेतला नाही. "तो एकटा आहे. लहानपणापासून भितो तो अंधाराला," म्हणाला, नि आल्या पावली वर पळाला. मागून निघालेले गडी धुक्यात दोन दिवस भलत्याच दरीत हिंडले.

आज सकाळी सापडला. कड्याखाली.

आम्ही आत गेलो. आमची तोंडं बघून मुहन्नाने पहिल्यांदाच विचारलं — "आला का तो?"

हिलाल त्याच्या उशाशी बसला. "निघाला होता रे," म्हणाला. "तुझ्याकडेच निघाला होता."